आजाराला पैसे, लसीला नाहीत!

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना न्यूमोनिया झाला. सहा दिवस अ‍ॅडमिट होत्या. मेडिक्लेम होता, म्हणून बिलाचं निभावलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "वय सत्तर, त्यात शुगर. न्यूमोनियाची लस द्या, फ्लूची दरवर्षी."

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले, तर त्यांच्याकडे लसच नाही. म्हणाले, "वहिनी, मोठ्या माणसांच्या लसी मागतंय कोण? पदरचे पैसे घालून आणायच्या, फ्रिजमध्ये सांभाळायच्या आणि मुदत संपली की फेकायच्या." शेवटी दुसरीकडे टोचून घेतल्या. बिल विमा कंपनीला पाठवलं, ते जसंच्या तसं परत. पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं: लसीकरणाचा खर्च मिळणार नाही, अपवाद फक्त प्राणी चावल्यावरच्या इंजेक्शनांचा.

म्हणजे सहा दिवस कॉटवर पडलं तर पैसे मिळणार. पडायची वेळ येऊ नये म्हणून टोचून घेतलं तर नाही! लसीने आजार हमखास टळतो असं नाही, पण धोका तर कमी होतो ना?

अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याने बहुतेक खासगी विमा कंपन्यांना शिफारस झालेल्या लसींचा खर्च उचलायला लावला. कंपनी डॉक्टरला लसीची किंमतही देते आणि टोचण्याचे पैसेही. ते पुरत नाहीत, अशी तिथल्या डॉक्टरांची कुरकुर असते, पण निदान रुग्णाच्या खिशाला हात लागत नाही. आपल्याकडेही मार्च २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांसाठी कोविड लसीच्या डोसचा दर २५० रुपये ठरला, तेव्हा त्यात १०० रुपये टोचणाऱ्याचे धरले होतेच. मग इतर लसींच्या वेळीच डॉक्टरांनी पदरमोड का करावी?

आमच्या महिला मंडळात विषय काढला. मुलांच्या लसींच्या तारखा सगळ्यांना पाठ. स्वतःसाठी घेतलेली लस विचारली, तर कोविडपुढे कुणाची गाडी जाईना. घरातल्या म्हाताऱ्यांचंही तेच.

कंपन्या म्हणतील, हप्ता वाढेल. वाढू दे थोडा. न्यूमोनियाचं बिल त्याहून मोठं असतं. ओपीडीचा खर्च देणाऱ्या काही पॉलिसींत लसीचे पैसे मिळतातही, पण आपण विचारतो कुठे?

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा पॉलिसी रिन्यू करताना एजंटला चहा द्याच, पण सही करण्याआधी एवढं विचारा, "यात लसीचे पैसे मिळतात का?" दहा घरांतून हा प्रश्न गेला, तर कंपनीलाही उत्तर शोधावं लागेल.