पहिला अस्थिभंग हाच इशारा

उत्तर प्रदेशातील आमच्या घरी, ओल्या अंगणात आई घसरली तेव्हा ती ६१ वर्षांची होती. मनगट मोडले, प्लास्टर झाले, सहा आठवड्यांनी ते निघालेही. चार वर्षांनंतर पलंगावरून उठताना ती पुन्हा पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण त्यानंतर ती आधाराशिवाय कधीच चालू शकली नाही. दोन्ही वेळा हाड कौशल्याने जोडले गेले. एवढ्याशा पडण्याने ते मोडलेच कसे, हा प्रश्न मात्र पहिल्या खेपेस कोणीही विचारला नाही. डॉक्टरांनी नाही आणि मीही नाही.

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे पोकळ व ठिसूळ होण्याचा विकार, वेदनेवाचून वाढतो. साधारण तिशीपर्यंत हाडांची ठेव जमते, पुढे ती खर्च होत राहते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हा खर्च एकाएकी वाढतो. पन्नाशीनंतर केवळ उभ्या उंचीवरून पडून मनगट, मणका वा खुबा मोडला, तर त्याला निव्वळ अपघात म्हणता येणार नाही. ते या विकाराचे लक्षण असू शकते. असे एक हाड मोडले की पुढचे मोडण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो.

भारतात या धोक्याला आणखी कारणे जोडली जातात. ऊन मुबलक असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्वदूर आहे. आपल्याकडे रजोनिवृत्ती पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत लवकर येते. आंध्र प्रदेश, तेलंगण, बिहारसारख्या राज्यांत तरुण वयातच गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे प्रमाण चिंताजनक आहे. सोबत अंडाशयही काढले गेले, तर हाडांचे संरक्षण त्याच दिवशी संपते. अशा अनावश्यक शस्त्रक्रियांची दखल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही घ्यावी लागली. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. तंबाखू, मद्य आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स त्यांचीही हाडे पोखरतात.

सरकारी धोरणात या विकाराला स्थान कोठे आहे? असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. तिशीपुढील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोगांसाठी तपासणी त्यात अपेक्षित आहे, हाडांची नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेचे पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच आहे. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे आणि घरी परतल्यावरची औषधे ती पंधरा दिवसांपर्यंतच देते. ठिसूळ हाडांवरील उपचार वर्षानुवर्षे चालतो. थोडक्यात, हाड मोडल्यावर शासन पैसे मोजते, पुढचे हाड मोडू नये म्हणून नाही.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा यंत्रे प्रामुख्याने शहरांत आहेत, ती खेड्यांत कशी पोहोचवणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. पण पहिले पाऊल यंत्राचे नाहीच. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडले होते का, पाळी लवकर थांबली का, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, उंची घटली का, हे चार प्रश्न आशा सेविका आपल्या तपासणी अर्जात विचारू शकते. अस्थिभंगाचा प्रत्येक रुग्ण हेरून त्याचा पाठपुरावा करण्याचे काम परिचारिकेकडे सोपवण्याची पद्धत ग्लासगो शहराने गेल्या शतकाच्या अखेरीस घालून दिली. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागांना ती अशक्य नाही. आठवड्यातून एकदा घ्यावयाची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी भारतीय कंपन्या कित्येक वर्षांपासून बनवत आहेत. ती कोणाला हवी, हे ओळखणारी व्यवस्था तेवढी नाही.

आईच्या पहिल्या प्लास्टरचा कागद अजून माझ्याजवळ आहे. त्यावर हाडाचे नाव आहे, तारीख आहे, पुढच्या भेटीचा दिवस आहे. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द आहेत : पाय घसरला.