जासूद

तारायंत्रे आणि आगगाड्या येण्यापूर्वी मराठ्यांच्या राज्यात पत्रे पोहोचविण्याचे काम जासूद करीत असत. नदीनाले ओलांडीत, घाट चढत-उतरत ते मजल दरमजल करीत आणि मोहोर केलेला लखोटा ज्याचा त्याच्या हाती देत. अशा सेवकाच्या अंगी तीन गुण असावे लागत. त्याचे पाय चपळ असावेत. वाटेत लखोटा चोरापोरांच्या हाती पडू न देण्याइतका तो सावध असावा. आणि धन्याचे गुपित त्याने स्वतःही कोणाला विकू नये. मराठी भाषेने या शब्दात एक मार्मिक इशारा साठवून ठेवला आहे. जासूद म्हणजे निरोप्या, आणि जासूद म्हणजे हेरही! जो बातमी नेतो, तो बातमी काढूही शकतो.

आजच्या युगात असाच एक जासूद घरोघरी, शाळाशाळांतून आणि माणसांच्या खिशांतूनही वावरत आहे. त्याचे नाव ब्राउझर. मराठीत काही जण त्याला ‘न्याहाळक’ असे म्हणतात. वाचकाने संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की ब्राउझर ती मागणी दूरदेशीच्या संगणकाकडे पोहोचवितो, तेथून आलेली सामग्री उलगडतो आणि अक्षरे, चित्रे व रंग यांची नीट मांडणी करून ती पडद्यावर दाखवितो. हे सारे निमिषार्धात घडते. क्रोम, सफारी, एज, फायरफॉक्स ही अशाच ब्राउझरांची नावे होत. यांतील उत्तम कोणता, असा प्रश्न निघाला की बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर असते: जो जलद, तो उत्तम. हे उत्तर कितपत खरे आहे?

वेगाचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत महाजालाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘मोझेइक’ जन्माला आला. मजकुराच्या ओळींतच चित्रेही दाखविण्याच्या त्याच्या सोयीमुळे सामान्य माणसाला महाजालाची गोडी लागली. १९९४ साली ‘नेटस्केप’ आणि १९९५ साली ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ या शर्यतीत उतरले. पाने दिवसेंदिवस भरगच्च होऊ लागली, तसा ब्राउझरांचा दमही लागू लागला. २००८ साली गूगल कंपनीने क्रोम काढला, तेव्हा पानांतील आज्ञावली झपाट्याने पार पाडणारे नवे यंत्र त्यात बसविले होते. मग इतरांनाही कंबर कसावी लागली. स्पर्धेचा लाभ साऱ्या वाचकांना झाला.

परंतु या शर्यतीत सारेच धावपटू आता जवळजवळ बरोबरीने धावत आहेत. २०२४ साली अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन वेग मोजण्याची एक सामाईक कसोटी प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘स्पीडोमीटर ३’. अशा कसोट्यांत कधी एक पुढे असतो, कधी दुसरा. पण हा फरक यंत्राला जितका जाणवतो, तितका वाचकाला जाणवत नाही. एखादे पान उघडावयास विलंब लागतो, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा अन्यत्र असते. जोडणी मंद असते, फोन जुना असतो, किंवा त्या पानावर जाहिरातींचे आणि पाळत ठेवणाऱ्या आज्ञावलींचे ओझे लादलेले असते. हे ओझे दाराबाहेरच अडविणारा ब्राउझर असली पाने अधिक लवकर उघडतो. म्हणजे खासगीपणा जपल्याने वेग घटतोच असे नाही. पुष्कळदा तो वाढतो.

दुसरा गुण सुरक्षिततेचा. त्याची किंमत न ओळखल्याने काय होते, हे इंटरनेट एक्स्प्लोररच्या कथेवरून शिकावे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने हा ब्राउझर आपल्या विंडोज प्रणालीबरोबरच दिल्यामुळे तो जगातील बहुतेक संगणकांवर आपोआप जाऊन बसला आणि नेटस्केप मागे पडला. विजय मिळाला, आणि विजयाबरोबर आळस आला. २००१ साली त्याची सहावी आवृत्ती निघाली. सातवी येण्यास २००६ साल उजाडले. या पाच वर्षांत त्याच्या भिंतींना पडलेली भगदाडे चोरांच्या चांगलीच ओळखीची झाली. २००४ साली तर अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा यंत्रणेने बचावाचे उपाय सांगताना, दुसरा ब्राउझर वापरावा, हाही एक उपाय सुचविला. त्याच वर्षी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती बाहेर पडली आणि लोकांना दुसरी वाट सापडली. एके काळी महाजालावर अधिराज्य गाजविणारा इंटरनेट एक्स्प्लोरर अखेर २०२२ साली निवृत्त झाला.

आजचे प्रमुख ब्राउझर या धड्यातून शहाणे झाले आहेत. मोठ्या जहाजाच्या तळाशी वेगवेगळे कप्पे असतात. एका कप्प्यात पाणी शिरले तरी सारे जहाज बुडत नाही. त्याच धर्तीवर निरनिराळी संकेतस्थळे निरनिराळ्या बंदिस्त कोठड्यांत उघडण्याची रीत क्रोमने रूढ केली. एका कोठडीतील दुष्ट आज्ञावलीला शेजारच्या कोठडीतील बँकेचा सांकेतिक शब्द सहजासहजी चोरता येत नाही. या बाबतीत क्रोमचे श्रेय मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. क्रोम आणि फायरफॉक्स यांच्या नव्या आवृत्त्या वारंवार निघतात आणि सापडलेली छिद्रे बुजवितात. मात्र पुष्कळ लोक नवी आवृत्ती घेण्याची सूचना ‘नंतर’ म्हणून बाजूला सारतात. दारास भक्कम कुलूप आहे, पण ते लावण्याचा कंटाळा आहे, अशा घरमालकाला चोर आला म्हणून रडण्याचा अधिकार कितीसा राहतो?

पत्त्याजवळच्या कुलपाच्या खुणेविषयीही एक गैरसमज होता. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की, वाटेत लखोटा कोणी फोडून वाचणार नाही. ज्याच्या हाती तो पडणार तो मनुष्य प्रामाणिक आहे, अशी ग्वाही ते कुलूप देत नसे. ठगही आपल्या दारावर कुलूप लावू शकतो. हा गैरसमज लक्षात घेऊनच क्रोमने २०२३ साली ती खूण काढून टाकली.

आता उरला तिसरा गुण, आणि सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते याच गुणाकडे. समजा, एखाद्या मुलीच्या आजीला मधुमेह झाला आणि त्या रोगाविषयी तिने काही पाने वाचली. दुसऱ्या दिवशी ती क्रिकेटचे गुण पाहू लागते, तो तेथे मधुमेहाच्या औषधांची जाहिरात! हे गुपित त्या पानाला कोणी सांगितले? १९९४ साली नेटस्केपमधील लू मॉन्टुली या अभियंत्याने ‘कुकी’ नावाची चिमुकली चिठ्ठी योजिली. संकेतस्थळाने ती वाचकाच्या संगणकावर ठेवावी आणि पुढच्या भेटीत तिच्यावरून त्याला ओळखावे, एवढाच तिचा हेतू होता. दुकानातील टोपलीत निवडलेल्या वस्तू लक्षात राहाव्यात, यासाठी ती फार उपयोगी पडली. पुढे जाहिरातदारांनी हीच चिठ्ठी हजारो संकेतस्थळांवर पेरली, आणि वाचक कोठून कोठे गेला याची वही तयार होऊ लागली.

या परक्या चिठ्ठ्यांशी कोण कसा वागला, यावरून ब्राउझरांचे स्वभाव कळतात. फायरफॉक्सने २०१९ साली पाळत ठेवणाऱ्या ओळखीच्या चिठ्ठ्या आपण होऊन अडविण्यास आरंभ केला आणि २०२२ साली प्रत्येक संकेतस्थळाच्या चिठ्ठ्या वेगळ्या बरणीत ठेवण्याची व्यवस्था सर्वांसाठी केली. सफारीने २०२० साली परक्या चिठ्ठ्यांना सरसकट बंदी केली. क्रोमनेही त्याच वर्षी, दोन वर्षांत या चिठ्ठ्या काढून टाकू, असे जाहीर केले. परंतु मुदत पुनःपुन्हा लांबत गेली आणि २०२४ साली तो बेतच सोडून देण्यात आला. याचे कारण फार दूर शोधावे लागत नाही. गूगलचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येते. आंबराईच्या राखणीला आंब्यांचा व्यापारीच बसविला, तर फळे मोजताना त्याच्या मनात काय येईल, हे सांगावयास नको. तथापि न्यायाची गोष्ट ही की, इतरही अगदी निःस्पृह नाहीत. गूगलचीच शोधसेवा पुढे ठेवावी म्हणून गूगल अ‍ॅपलला मोठा पैसा देते, आणि फायरफॉक्स चालविणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही याच मार्गाने येते. फुकट मिळणाऱ्या वस्तूचे मोल कोण चुकवितो, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

कित्येकांना वाटते की, ‘गुप्त खिडकी’ उघडली म्हणजे काम झाले. ही समजूत भ्रामक आहे. ती खिडकी बंद केल्यावर त्या संगणकावरील इतिहास पुसला जातो, इतकेच. जोडणी पुरविणारी कंपनी, शाळेचे संगणकजाल आणि खुद्द संकेतस्थळ यांना वाचक दिसतच असतो. क्रोमच्या गुप्त खिडकीतही गूगल माहिती गोळा करीत होते, या आरोपावरून २०२० साली अमेरिकेत दावा लागला; २०२४ साली तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. शिवाय चिठ्ठी नसतानाही वाचकास ओळखता येते. पडद्याचा आकार, अक्षरांचे ठसे, घड्याळाची वेळ अशा बारीकसारीक खुणा एकत्र केल्या की बोटाच्या ठशासारखा एक ठसा तयार होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४,७०,००० हून अधिक ब्राउझर तपासले. त्यांतील शेकडा ८३ हून अधिक ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळला नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्याने काही वाईट केले नाही, त्याने लपवावे तरी कशाला?’ हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो, पण तो टिकत नाही. लखोट्याला मोहोर लावतात, ती आत पाप असते म्हणून नव्हे. आजारपण, घरातील अडचण, मनातील भीती या गोष्टी लाजिरवाण्या नसतात. परंतु त्या कोणाला सांगाव्यात हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. कोणी खांद्यावरून डोकावत असले तर मूल मोकळ्या मनाने वाचीत नाही, शंका विचारीत नाही. आणि ज्याची शंका मेली, त्याचे शिक्षणही थांबले. २०१७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने निर्णय दिला की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या कायद्यात मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई करणारी तरतूद आहे. परंतु कायद्याचा हात पोहोचेपर्यंत ज्याने त्याने आपले दार सांभाळणे इष्ट.

मग निवड कशी करावी? सुरक्षितता प्रथम, तिच्यावाचून बाकीचे गुण व्यर्थ. त्यानंतर खासगीपणा. आणि अखेरीस वेग, कारण तो सर्वांपाशी बहुधा पुरेसा असतो. ज्याला अतिशय गुप्तता हवी, त्याच्यासाठी टॉर ब्राउझर आहे. तो प्रत्येक मागणी तीन टप्प्यांतून फिरवून नेतो, त्यामुळे त्याची चाल मंद असते. पण संकटात सापडलेल्या बातमीदाराला तो विलंब जड वाटत नाही. सामान्य वाचकाने ब्राउझर वेळोवेळी नवा करावा, त्याच्या मांडणीतील खासगीपणाचे पान एकदा तरी उघडून वाचावे आणि अनोळखी जोड-आज्ञावली त्यात भरू नयेत. एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ साधते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ब्राउझर पुष्कळ दिसले, तरी त्यांच्या पोटातील प्रमुख यंत्रे तीनच आहेत. ऑपेराने २०१३ साली आणि मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० साली आपापली यंत्रे टाकून क्रोमच्या कुळातील यंत्र स्वीकारले. साऱ्या गावाने एकाच विहिरीवर विसंबावे, अशी ही स्थिती आहे. विहिरीचे पाणी आज गोड आहे, म्हणून दुसरी विहीर बुजवू देणे शहाणपणाचे ठरत नाही. इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळात जे घडले, ते पुन्हा घडू नये असे वाटत असेल, तर काही वाचकांनी तरी वेगळी वाट चोखाळली पाहिजे.

फोनबरोबर जो ब्राउझर मिळाला तोच आयुष्यभर वापरणे, म्हणजे दाराशी आला त्या जासुदाच्या हाती न पारखता लखोटा देणे होय. त्याच्या पायांचा वेग अंगणातूनही दिसतो. त्याचे इमान मात्र विचारपूस केल्यावाचून कळत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची चौकशी करावयास शिकणे, हेच विद्येचे खरे फळ आहे.