खेळणारे आणि खेळ घडविणारे

दिवाळीच्या सुटीत कर्जत-खालापूर भागातील अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. दरवाजा कोणत्या बाजूस ठेवायचा, मावळे कुठे बसवायचे, शत्रू वर चढेल तो कोणत्या वाटेने, यावर मुलांत कडाक्याचे वाद होतात. आई-वडील ते कौतुकाने पाहतात. त्यांतलाच एखादा मुलगा बारावीनंतर ‘मला व्हिडिओ गेम घडवायचे आहेत’ असे म्हणू लागला की मात्र घरात चिंता पसरते. पहाटेची लोकल गाठून मुंबईस नोकरीला जाणाऱ्या बापाला ती वाटणे स्वाभाविक आहे; तिची टर उडविण्याचे कारण नाही.

परंतु या चिंतेत भिन्न गोष्टींची गल्लत होते. रात्र-रात्र मोबाइलवर खेळत बसणे हे व्यसन. पैसे लावून खेळणे हा जुगार. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, हे योग्यच झाले. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक खेळांना उत्तेजन देण्याची भूमिका घेतली. तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

खेळाची रचना करणे हा याहून निराळा आणि कष्टाचा व्यवसाय आहे. चित्रकार चित्रे काढतो, प्रोग्रॅमर आज्ञावली लिहितो. रचनाकार नियम ठरवितो. खेळणाऱ्याला काय दिसावे, काय दडलेले असावे, कोणत्या निर्णयाची काय किंमत मोजावी लागावी, हे तो आधी कागदावर मांडतो, परक्या माणसाला खेळायला बसवून पाहतो आणि बहुतेक वेळा खोडून पुन्हा लिहितो. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीचेच पाहा. फेब्रुवारी १६६१ मध्ये घाट उतरून कोकणात निघालेला कारतलबखान येथील दाट झाडीत अडकला. पुढची वाट अडलेली, मागची बंद, सैन्य तहानेने व्याकूळ. अखेर शरण जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. उंची, तहान, अरुंद वाट, योग्य क्षणाची वाट पाहणे, यांतील प्रत्येक गोष्ट खेळाचा नियम होऊ शकते. किंबहुना खेळणाऱ्यास खानाच्या जागी उभे केले, तर शिवरायांची योजना त्याला पोवाड्यापेक्षाही लवकर उमगेल.

हे काम आपण केले नाही, तर इतर लोक करतात. २०१२ साली ‘स्माइट’ या अमेरिकी खेळातील कालीमातेच्या चित्रणावर तेथील हिंदूंनी आक्षेप घेतला. तो रास्तच होता. तथापि त्याहून मोलाचे उत्तर दिले ते पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने. २०१७ मध्ये त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. तरी २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ जगापुढे आला. त्यात दुर्गा आणि विष्णू यांच्या कृपेने एक मुलगी आपल्या भावाचा शोध घेते.

म्हणून डोळे झाकून उडी घ्यावी असे मात्र नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातील १,९०० जणांना कमी केले. खालापूर तालुक्यातच चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभारून राजवाडे-किल्ले साकारले. २०२३ मध्ये कर्जाच्या विळख्यात या थोर कलादिग्दर्शकाचा झालेला शेवट सर्वांना ठाऊक आहे. प्रतिभेला हिशेबाची जोड लागतेच. नोकरीची हमी देऊन लाखांची फी घेणाऱ्या क्लासपेक्षा आधी पदवी बरी. कर्जतमध्येच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पवईच्या आयआयटीत आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत प्रवेश-परीक्षेतून जाता येते. ब्लेंडर, गोडो ही साधने तर विनामूल्य आहेत. मुंबई-पुण्याच्या मध्यावर राहणाऱ्या मुलाला दोन्हीकडचे स्टुडिओ सारखेच जवळ आहेत. पदवी घेता घेता त्याने एक छोटा खेळ पूर्ण करून दाखवावा, अशी अट वडिलांनी जरूर घालावी. अर्धवट टाकलेले दहा खेळ जमेस धरू नयेत.

दर फेब्रुवारीत उंबरखिंडीत शिवप्रेमी जमतात. यंदा एखाद्या शाळेने तेथे जाताना मुलांच्या हाती भगव्या झेंड्याबरोबर वही आणि मोजपट्टी द्यावी. खिंडीची रुंदी, चढ, पाण्याची जागा, कोणत्या टेकाडावरून काय दिसते, हे त्यांनी नोंदवून आणावे. येत्या दिवाळीचा किल्ला त्याच नोंदींवरून मांडता येईल.