माँट्रियलचा ठराव अन् मेळघाटची ग्रामसभा

डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला जगभरातल्या देशांनी मिळून ठरवलं, की २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन निसर्गासाठी राखायची. चांगलंच आहे. पण ही जमीन कोणाच्या अंगणातली, हे बघायला चिखलदऱ्याहून लांब जायचं काम नाही. वैराटला सूर्यास्ताचे फोटो काढतो ना आपण, तिथं गाव होतं. उठलं.

मेळघाट म्हणजे देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघाला जागा पाहिजेच, त्यात वाद नाही. अन् काही कुटुंबं आपल्या मर्जीनं बाहेर पडली, हेही खरं.

कागदावर तर न्यूयॉर्कपासून मेळघाटपर्यंत नुसती लोकशाहीच आहे. आदिवासींना त्यांच्या संमतीशिवाय हलवता येणार नाही, असं संयुक्त राष्ट्रांचा २००७ चा जाहीरनामा सांगतो. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं. आपला २००६ चा वनहक्क कायदा तेच म्हणतो: आधी हक्क द्या, मग ग्रामसभेची संमती घ्या, मग पुनर्वसन. माँट्रियलच्या ठरावातही आदिवासींच्या हक्कांचा उल्लेख आहे.

पण संमती म्हणजे काय हो? गावाला धड रस्ता नाही, दवाखाना लांब, अन् समोर कुटुंबामागं दहा लाखांचं (आता पंधरा) पॅकेज. अशा वेळी माणूस 'हो' म्हणतो, ती संमती की नाइलाज? जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी, गुल्लरघाटची उठवलेली माणसं पुन्हा जंगलात परतली, पोलीस अन् वनखात्याशी संघर्ष झाला. पुनर्वसनात सगळं ठीक असतं तर लेकराबाळांसकट कोण परत जाईल, सांगा बरं?

उलट परतवाड्याजवळचं पायविहीर बघा. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ग्रामसभेनं उजाड जंगल पुन्हा उभं केलं, तिथली सीताफळं मुंबईत विकली. २०१४ मध्ये गावाला जैवविविधता पुरस्कार मिळाला, तोही केंद्र सरकार अन् संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा. म्हणजे माणूस ठेवूनही जंगल राखता येतं, हे जगाला माहीत आहे. तरी टक्केवारी ठरते तिथं कोरकूला खुर्ची नाही.

माँट्रियलला आपण काही जाऊ शकत नाही. पण पुढचं गाव उठवायची वेळ येईल तेव्हा तिथल्या ग्रामसभेला जाऊन विचारता तर येईल: वनहक्काचे दावे निकाली निघाले का? अन् ठराव कोरकूत वाचून दाखवला का, की नुसते अंगठे घेतले?