आधी पाणी, मग मासा

दिवसभराच्या कामाने शिणलेले मन घरातील काचेच्या टाकीत विहरणाऱ्या माशांकडे पाहताना काही काळ विसावते. त्यामुळे महानगरांतील लहानमोठ्या घरांत मत्स्यपालनाचा छंद चांगलाच रुजला आहे. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, कोलकात्याची गॅलिफ स्ट्रीट किंवा चेन्नईचे कोळत्तूर येथील दुकानांतून फिरणाऱ्याची पावले एका माशापुढे हमखास थबकतात. थाळीसारखा गोल व चपटा देह, अंगावर निळ्या-तांबड्या रंगांची नक्षी आणि संथ, डौलदार चाल असलेला हा मासा म्हणजे डिस्कस. शौकिनांनी त्याला गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांचा राजा म्हटले, ते उगीच नव्हे.

मात्र या राजाला घरी आणणाऱ्या अनेकांच्या पदरी निराशाच पडते. शनिवारी टाकी, वाळू, रोपटी आणि चार मासे अशी सारी खरेदी एकाच फेरीत उरकली जाते. आठवडाभरात मासे काळवंडतात, खाणे सोडतात, कोपऱ्यात तोंड खुपसून उभे राहतात आणि पंधरवड्यात टाकी रिकामी होते. मग दोष कधी दुकानदाराला, तर कधी नशिबाला दिला जातो. वास्तविक दोष असतो तो क्रमाचा. सर्वांत शेवटी यायला हवा तो मासा सर्वांत आधी घरात आलेला असतो.

डिस्कसचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अमेझॉन नदीचे खोरे होय. व्हिएन्ना येथील मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. संथ, मृदू, किंचित आम्लधर्मी व बाराही महिने उबदार असलेले पाणी आणि त्यात बुडालेल्या झाडांच्या मुळ्या-फांद्यांचा आडोसा, हा त्याचा अधिवास. या माशाचे अपत्यसंगोपनही विलक्षण आहे. अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले पोहू लागताच आईबापांच्या अंगाला बिलगतात आणि त्यांच्या त्वचेवरील पोषक स्रावावर सुरुवातीचे काही आठवडे वाढतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या संगोपनाची तुलना सस्तन प्राण्यांच्या स्तनपानाशी केली आहे. अशा जिवाकडे दिवाणखान्यातील सजावटीची वस्तू म्हणून पाहणे कितपत योग्य, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हायला हवा.

नव्या टाकीतील पाणी स्वच्छ दिसते. पण ते माशाला राहण्याजोगे झालेले नसते. माशाच्या उत्सर्जनातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये, तर काही नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरमधील स्पंजावर व वाळूवर वस्ती करतात आणि ती वस्ती स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडणे म्हणजे त्याला त्याच्याच विषात कोंडणे होय. त्यातही पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका अमोनिया अधिक घातक. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणूनच इतर मासे सहन करतील ती चूक या माशाला भोवते.

येथे वनस्पतींचा प्रश्न उपस्थित होतो. डिस्कसची टाकी तळाला वाळू नसलेली व पूर्णपणे मोकळी असावी, असे अनेक अनुभवी पालक आग्रहाने सांगतात. वाढत्या पिल्लांपुरते त्यांचे म्हणणे मान्यच करावे लागेल. पिल्लांना दिवसातून अनेकदा खाऊ घालावे लागते आणि उरलेले अन्न वाळूत अडकून कुजते. मात्र पूर्ण वाढ झालेल्या माशांसाठी वनस्पतियुक्त टाकीच अधिक उचित म्हटली पाहिजे. वनस्पती अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात, उजेडात प्राणवायू देतात आणि बुजऱ्या माशाला आडोसा पुरवतात. आडोसा जवळ असल्याची खात्री असेल, तर डिस्कस मोकळ्यावर येऊन निर्धास्तपणे विहरतो.

अट इतकीच, की वनस्पती उष्ण पाण्यात टिकणाऱ्या असाव्यात. अमेझॉन स्वोर्ड, अनुबियास, व्हॅलिस्नेरिया व क्रिप्टोकोरिनच्या काही जाती या कामी उपयोगी पडतात. क्रिप्टोकोरिनची एक जात तर सह्याद्रीतील ओढ्यांतही आढळते. तथापि ती तेथून उपटून न आणता रोपवाटिकेतूनच घ्यावी. रोपे आधी लावावीत, त्यांची मुळे धरू द्यावीत, नवी पाने फुटू द्यावीत. याच अवधीत फिल्टरमधील जिवाणूंना रोज अत्यल्प अमोनिया पुरवत राहावे. चाचणीत अमोनिया व नायट्राइट सलग काही दिवस शून्य आल्यानंतरच माशांच्या खरेदीस निघावे.

खरेदी करतानाही एकटादुकटा मासा आणू नये. डिस्कस कळपात राहणारा मासा आहे. दोघे-तिघेच असले, तर बलवान मासा दुर्बळाला सतत हुसकावतो. सहा जण असले, की हा जाच विभागला जातो. पूर्ण वाढलेल्या प्रत्येक माशामागे सुमारे ४० लिटर पाणी, हा हौशी मंडळींत रूढ असलेला हिशेब आहे. त्यानुसार सहा माशांना किमान २४० लिटर पाणी हवे. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच टाकी त्यांना पुरते. मात्र पाणी, काच व वाळू मिळून तिचे वजन सुमारे ४०० किलो भरते. हे वजन पेलणारी घडवंची आधी करून घ्यावी. सोबतीला कार्डिनल टेट्रासारखे उष्ण पाणी मानवणारे छोटे मासे शोभून दिसतात.

गावागावांतील पाणी निराळे असते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या जलाशयांतून मिळणारे पाणी बरेच मृदू असते, तर कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. संवर्धन केंद्रांत वाढलेले डिस्कस थोडेफार जड पाणी मानवून घेतात. त्यांना सोसत नाहीत ते अचानक होणारे बदल. म्हणून रसायने ओतून पाण्याची आम्लता सतत खालीवर करण्यापेक्षा आहे ते पाणी स्थिर ठेवणे श्रेयस्कर. नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा मात्र बंदोबस्त करूनच ते टाकीत घालावे.

बँकेच्या ग्राहकांना भांडवली खर्च व आवर्ती खर्च यांतील भेद सांगणे न लगे. टाकीची किंमत एकदाच मोजावी लागते; खरा भार पुढे असतो. ३०० वॅटचा हीटर दिवसातून दहा तास चालला, तर महिन्याला ९० युनिट वीज लागते. मुंबईच्या उन्हाळ्यात तो क्वचितच चालेल. परंतु दिल्ली, इंदूर किंवा नागपूरच्या हिवाळ्यात त्याला विश्रांती नाही. दर आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदलणे, हा वेळेचा खर्च निराळाच. वीज खंडित झाल्यास उष्ण पाण्यातील प्राणवायू लवकर घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवा. गावी जाताना टाकी कोणाच्या स्वाधीन करायची, हेही आधीच ठरलेले असावे.

हे सारे झेपत नाही असे ध्यानात आले, तर मासे जाणत्या पालकाला द्यावेत अथवा दुकानात परत करावेत. नदी-तलावात कदापि सोडू नयेत. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात हौशी टाक्यांमार्फत आलेले सकर मासे आज ठाण मांडून आहेत. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत अरापायमा हा अमेझॉनचा महाकाय मासा आढळला. दया म्हणून केलेली सुटका स्थानिक माशांच्या व त्यांवर पोट असलेल्या मच्छीमारांच्या मुळावर येऊ शकते.

डिस्कस पाळू नये, असा या साऱ्याचा अर्थ नाही. नीट सांभाळलेला डिस्कस दहा वर्षांपर्यंत साथ देऊ शकतो, पालकाला ओळखू लागतो आणि त्याच्या हातूनही अन्न घेतो. त्या दहा वर्षांसाठी आरंभीचे सहा आठवडे नुसते पाणी व रोपे यांचीच निगा राखण्याचा संयम ज्याच्यापाशी आहे, त्याने हा राजा खुशाल घरी आणावा.