कोंबडी आजारी नाही, दिवस लहान आहे

डिसेंबर उजाडला की लालबाग-परळच्या जुन्या चाळींतून एक तक्रार माझ्या दवाखान्यात हमखास येते आणि ती माणसांविषयी नसते. ‘डॉक्टर, कोंबड्यांनी अंडी घालणे बंद केले, काही औषध द्या.’ कोकणातून आणलेल्या दोन-चार गावठी कोंबड्या चाळीमागच्या खुराड्यात पाळणारी कुटुंबे या भागात अद्याप आहेत आणि पशुवैद्यापेक्षा कोपऱ्यावरचा दवाखाना त्यांना जवळचा वाटतो. मी पशुवैद्य नव्हे. परंतु या प्रश्नाचा संबंध घरातील मुलांच्या प्रकृतीशी येतो, म्हणून तो येथे घेत आहे.

कोंबडीच्या अंडाशयावर अन्नाइतकीच सत्ता प्रकाशाची चालते. आपल्याला प्रकाशाची जाणीव केवळ डोळ्यांतून होते. पक्ष्यांत मात्र तो कवटीच्या पातळ हाडातून झिरपून थेट मेंदूतील संवेदी पेशींपर्यंत पोहोचतो. फ्रान्समधील जाक बनुआ या शास्त्रज्ञाने 1930च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखविले की, दृष्टी नसलेल्या पक्ष्याची प्रजननेंद्रियेही प्रकाशाला प्रतिसाद देतात. दिवस पुरेसा मोठा असला म्हणजे मेंदूकडून पिट्यूटरी ग्रंथीला संदेश जातो, तिची संप्रेरके अंडाशयाला जागे करतात आणि अंडी सुरू होतात. भरपूर अंड्यांसाठी सुमारे 14 ते 16 तासांचा प्रकाश लागतो.

मुंबईत जूनमधील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस जेमतेम 11 तासांचा असतो. लंडनमध्ये हाच दिवस आठ तासांहूनही आखूड होतो, त्यामानाने आपली घट सौम्य म्हणावी लागेल. पण गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टोलेजंग इमारतींच्या सावलीत, जिन्याखालच्या अंधाऱ्या खुराड्यात, त्या 11 तासांतील किती प्रकाश पोहोचतो? पावसाळ्यातील ढगांचा दोष येथे फारसा नाही. ढगाळ आकाशाखालीही उघड्यावर कोंबडीला पुरेल इतका उजेड असतो. दोष बंदिस्त कोपऱ्याचा आहे.

दिवस आखडू लागले की पुष्कळ कोंबड्या पिसे गाळतात. पीस हे मुख्यतः प्रथिनांचेच बनलेले असल्याने दोन-तीन महिने सारे पोषण नव्या पिसांकडे वळते. याखेरीज गावठी कोंबडी खुडूक बसते, तेव्हाही अंडी थांबतात. यांपैकी काहीही आजार नाही. कोंबडी मलूल असेल, खात नसेल, तिला श्वासाला त्रास होत असेल किंवा पातळ विष्ठा होत असेल, तर मात्र पशुवैद्याकडेच जावे.

मागील हिवाळ्यात एका आजींनी सहज सांगितले की, नातवाच्या घशासाठी दिलेल्या प्रतिजैविकाच्या उरलेल्या कॅप्सूल फोडून त्यांनी कोंबड्यांच्या पाण्यात घातल्या. अधूनमधून मिळणारे एखादे अंडे त्याच नातवाच्या ताटात जात होते! अंड्यातील पिवळा बलक साधारण आठ-दहा दिवसांत भरत येतो. त्या काळात कोंबडीच्या पोटात गेलेल्या औषधाचा अंश त्यात उतरू शकतो. शिवाय अशा अर्धवट मात्रांनी कोंबडीच्या आतड्यातील जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तेच जंतू विष्ठेतून, हातांतून घरात शिरतात. कोलिस्टिन हे आम्हा डॉक्टरांचे अखेरच्या फळीतील औषध. कोंबड्या व अन्य खाद्यप्राण्यांसाठी त्याच्या वापरावर केंद्र सरकारने 2019 साली बंदी घातली, ती याच भीतीपोटी. आजींना मी उरलेल्या कॅप्सूल दवाखान्यात आणून द्यायला सांगितले.

अंडी हवीच असतील तर खुराड्यात एक लहानसा एलईडी दिवा लावावा; वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड पुरे. तो पहाटे लावणे इष्ट. संध्याकाळी लावून अचानक विझवला, तर दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात चाचपडतात. आठवड्याला अर्धा तास या बेताने प्रकाश वाढवीत एकूण 14 तासांवर थांबावे. रात्रभर दिवा ठेवणे हा निव्वळ जाच आहे. सलग आठ तास तरी अंधार तिला हवाच. पिसे गाळणाऱ्या कोंबडीला तर दिव्याच्या फंदात न पाडता विश्रांती द्यावी, असे माझे मत आहे. मार्गशीर्षात निम्म्या लालबागेत गुरुवारी अंडे चालत नाही, तेव्हा घाई तरी कशाची?

आहारात डाळीची चुरी, सुकटीचा चुरा द्यावा. कवचासाठी कॅल्शियम लागते; मालवणी स्वयंपाकघरात तिसऱ्यांच्या शिंपल्या उरतातच, त्या धुऊन, उन्हात वाळवून, कुटून घालाव्यात. खुराडे स्वयंपाकघराला लागून नसावे, ते साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांना व गर्भवतींना अंडे पूर्ण शिजवूनच द्यावे. 21 मार्चच्या सुमारास दिवस बारा तासांचा होतो. होळीच्या आगेमागे बहुतेक कोंबड्या दिव्यावाचूनच पुन्हा अंडी घालू लागतात.