चाप न दाबता सुटलेली गोळी

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या हातून त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर निसटून पडले आणि सुटलेली गोळी त्यांच्या पायात शिरली, ही वार्ता प्रसिद्ध होताच, नुसते पडल्याने कधी गोळी सुटते काय, असा अविश्वास पुष्कळांनी बोलून दाखविला. त्या प्रसंगाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु गोळी सुटू शकते, हे पदार्थविज्ञानाचे निःसंदिग्ध उत्तर आहे.

काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर पुरेसा आघात झाला की दारू पेटते; तो आघात कोणी घडविला याच्याशी टोपीला कर्तव्य नसते. एक मीटरवरून पडलेले शस्त्र सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने भूमीवर आदळते. पिस्तूल नळीच्या तोंडावर पडले, तर आतील फायरिंग पिन त्याच वेगाने पुढे धावू पाहते. पण पाच ग्रॅमांच्या पिनेत तेव्हा जेमतेम एकविसांश ज्यूल ऊर्जा असते आणि बहुधा स्प्रिंगही तिला मागे रेटीत असते. याउलट १८७३ च्या कोल्टच्या घडणीचे किलोभर वजनाचे, घोड्याचे टोक टोपीला टेकलेले रिव्हॉल्व्हर त्या घोड्यावरच आपटले, तर पिनेच्या दोनशेपट, म्हणजे दहा ज्यूलच्या आसपास ऊर्जा त्या ठिकाणी येऊन थडकते आणि तिचा अल्पांशही स्फोटास पुरतो. म्हणूनच त्या काळची जाणती माणसे सहा खान्यांत पाचच काडतुसे भरून घोड्याखालचा खाना रिकामा ठेवीत. रुगर कंपनीने १९७३ मध्ये, चाप ओढल्यावाचून घोड्याचा आघात पिनेपर्यंत पोहोचूच न देणारी पट्टी आपल्या त्या घाटाच्या रिव्हॉल्व्हरांत बसविली.

नवे शस्त्र म्हणजे निर्धोक शस्त्र, असेही मानू नये. सिग सावरचे पी-३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात पाठीमागच्या बाजूवर पडले असता सुटते, असे २०१७ मध्ये चाचण्यांत दिसले. पिस्तूल थांबे, पण जड चाप जडत्वाने मागे सरकत राही. कंपनीने मग केलेल्या दुरुस्तीत चाप हलका करणे हा मुख्य उपाय होता.

दोष घडणीत असतो तेव्हा केवळ धारकाची जबानी आणि पंचनामा पुरेसा नाही. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी दप्तरातील क्रमांकाबरोबर शस्त्राच्या अंतर्रचनेचाही जाणकाराकडून मुलाहिजा व्हावा, अशी माझी सरकारला विनंती आहे. आणि ज्यांच्या कपाटात वाडवडिलांचे जुने रिव्हॉल्व्हर असेल, त्यांनी त्यातील काडतुसे आजच काढून ठेवावीत.